नऊ पेपरांत माझी माय

"आज आप क्लास में दिखनी नहीं चाहिए। आपका ॲक्सेंट मेहमानों के कान पर नहीं पड़ना चाहिए।"

संस्था चालवणाऱ्या मॅडम हे इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की मी "जी मॅडम" म्हणून मोकळी झाले. वर हसलेसुद्धा. माझी ही जुनी खोड आहे. कुणी कानाखाली मारली तरी मी आधी हसते, मग विचार करते की लागलं कुठं.

मग झेरॉक्सच्या खोलीत जाऊन बसले.

खोली कसली, कोनाडा. कागदांचे गठ्ठे, मशीन, एक पाय डगमगणारी खुर्ची आणि मी. मधली भिंत प्लायवूडची. पलीकडे वर्ग. एका चिनी बांधकाम कंपनीचे मोठे साहेब आपल्या लोकांचं इंग्रजी कसं चाललंय ते बघायला आलेले. शिकवत होते गोरे सर. त्यांना नाव होतं, पण मॅडम पाहुण्यांना "आमचे इंग्रज शिक्षक" एवढंच सांगायच्या, नाव विचारायची गरज कुणाला पडत नसे. सर आधी कुठंतरी लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवायचे. माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवशी ते शिकवत होते तो धडा माझा होता. प्रश्न मी काढलेले. चित्रं मी कापलेली. खळ माझ्या बोटांना होती.

भिंतीपलीकडे सर विचारत होते, "तुम्हाला काय वाटतं?"

गप्प.

"कुणीही सांगा. काय वाटतं?"

गप्प. एसीचा आवाज. नऊ माणसं आणि एक शब्द नाही.

पाहुणे गेल्यावर मॅडम पँट्रीत आल्या आणि सरांना म्हणाल्या, "दगड आहेत. पोपटासारखं पाठ करतात, डोकं काही चालत नाही." मी तिथंच कप विसळत होते. दहावीपर्यंत पोपटासारखं पाठ केलेली बाई. डोकं चालत नसलेली. कप विसळणारी.

मी कोण ते सांगते. हिंगोली जिल्ह्यातलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, इंग्रजी पाचवीपासून. बी.ए. केलं, बी.एड. केलं, लग्न केलं, आणि नवऱ्यामागं कुवेतला आले. हे शर्कला एका ऑफिसात अकाउंट्स बघतात. आम्ही हवल्लीत राहतो आणि ती इंग्रजी शिकवणारी संस्थाही हवल्लीतच, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. माझं पद 'कोऑर्डिनेटर'. गावी फोनवर माझा भाऊ हा शब्द दोनदा म्हणवून घ्यायचा आणि मग सगळ्यांना सांगायचा, "ताई कुवेतला लई मोठी हाय." मोठी म्हणजे हजेरी, चहा, झेरॉक्स आणि गोऱ्या सरांचे धडे लिहून देणं. धडे लिहिते हे पदात येत नव्हतं.

पाचवीत वाचनाची पाळी बाकावरून बाकावर सरकत यायची. माझ्यापाशी आली की गुरुजी म्हणायचे, "तू बस. तुमच्या वस्तीच्या जिभेला इंग्रजी वळायचं न्हाई." पाळी पुढच्या बाकावर. मी उभीही राहिलेली नसायची आणि बसायला सांगितलेलं असायचं. वस्ती कुठली, ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हापासून मी बसतेच आहे. सगळ्यात ताजी खुर्ची झेरॉक्सच्या खोलीतली.

घरीही वेगळं नाही. माझी लेक इथंच वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि मधे तिचे बाबा बसून दोन्हीकडे मान हलवतात. तिच्या शाळेच्या पालकसभेला जाताना ती लिफ्टमध्ये म्हणाली होती, "मम्मा, प्लीज. तू बोलू नकोस. बाबांना बोलू दे." मी हसले. सांगितलं ना, खोड आहे.

तर ते नऊ जण.

शुक्रवारी नऊला वर्ग. पण कंपनीची बस त्यांना आठलाच सोडून जायची, तिला दुसऱ्या साइटची माणसं आणायची असत. कुलूप मी उघडायचे, म्हणून मीही आठला. त्या पाहुण्यांच्या दिवसानंतरच्या शुक्रवारी मी जिना चढून वर आले आणि थबकले. एरवी ते मुकाट उभे असत. अरुंद बोळ. नऊही जण भिंतीकडं तोंड करून उभे. प्रत्येकाच्या हातात वही. आणि प्रत्येक जण मोठ्यानं, अगदी खच्चून, आपापलं इंग्रजी वाचतोय. एकमेकांचं ऐकत नाहीत. नुसता कल्लोळ. खालचा भांडीवाला जिन्यातून डोकं वर काढून बघत होता.

त्यांच्यात एकच मुलगी. लिन. सर्व्हेयर. साइटवर तिपाईवरच्या दुर्बिणीतून जमीन मोजायची. तिला मी नंतर विचारलं, हे काय असतं? ती खूप वेळ जुळवून म्हणाली, "शाळेत. रोज सकाळी. सगळे मोठ्यानं. भिंत हसत नाही."

भिंत हसत नाही.

मी कुलूप उघडायचं विसरले. आमच्या घरी दिवेलागणीला परवचा व्हायचा. आम्ही चार भावंडं ओळीनं बसून पाढे म्हणायचो, पावकी-निमकीपर्यंत, आणि मायला आकड्यातलं काही कळत नसूनही ती चुलीपुढं बसून मान डोलवायची. मॅडमना जे पोपट दिसले ते मला माझ्या घरातले वाटले.

आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं अजिबात नाही! दहा-दहा वर्षं शिकलेले. रिकाम्या जागा द्या, एक चुकणार नाही. माझ्यासारखेच. मलाही रिकाम्या जागा भरायला आयुष्यभर छान जमलं. पण तोंड उघडायचं म्हटलं की आधी वाक्य मनात आपल्या भाषेत, मग त्याची उलटापालट, मग चुकलं तर काय ही भीती, आणि तोवर गोरे सर पुढच्या प्रश्नावर. वर्गात चुकणं म्हणजे त्यांच्याकडं नुसती चूक नाही, सगळ्यांसमोर तोंड काळं होणं. शिक्षकाला प्रश्न विचारणं म्हणजे शिक्षकाचं तोंड काळं करणं. दोन्हीकडून कुलूप.

मला एक किल्ली माहीत होती. सासूबाईंची.

लग्नानंतर महिनाभर सासूबाई माझ्याशी बोलल्या नव्हत्या. होळीला पुरण घालायचं होतं. मी स्वयंपाकघरात स्वतःशीच म्हणाले, "डाळ आणि गूळ एकदमच शिजायला लावावं." बाहेरून आवाज आला, "अगं ए शहाणे! गुळात डाळ शिजंल का कधी?" आणि त्या आत आल्या, आणि त्या दिवसापासून त्यांची वैकुंठाला जाईपर्यंत टकळी थांबली नाही. माणूस विचारल्यावर गप्प बसतो. पण त्याच्या डोळ्यांदेखत कुणी चुकीचं सांगितलं, तर त्याला गप्प बसवत नाही.

मग मी त्या आठ ते नऊच्या तासात चुकीचं सांगू लागले. फळ्यापुढं नाही, बोळातच, चहाची किटली हातात घेऊन. "चीनमध्ये चहा पिकत नाही, सगळा भारतातून जातो." नऊ चेहरे वर. "सिमेंटमध्ये पाणी जितकं जास्त तितकं ते पक्कं, बरोबर?" एक जण न राहवून "नो, नो" करत पुढं आला आणि हातवारे करून सगळं सांगून गेला. चुकत, अडत, पण गेला. आधी मी चुकायचे, म्हणून मग त्यांना चुकता यायचं. मूर्ख ठरायचं काम मी अंगावर घेतलं होतं. सराव होता.

दोन महिन्यांत बोळ बोलू लागला. नऊला गोरे सर आले की पुन्हा गप्प. मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. कंपनीला त्यांनी लिहून दिलेलं होतं की शिकवणार फक्त इंग्रज शिक्षक.

मग मी खरी चूक केली. मुद्दाम केलेली नव्हे.

आणखी सहा महिन्यांनी लेखी परीक्षा जवळ आली. लिन म्हणाली, "टीचर, एक चांगला निबंध द्या." मी दिला. आम्हाला गुरुजी द्यायचे तसा. विषय, मला आदर वाटतो ती व्यक्ती. मी सांगत गेले, ते वह्यांत लिहून घेत गेले.

माझी माय अंगणवाडीत मदतनीस होती. तिला सही येत नव्हती. पण चाळीस मुलांची नावं तिला पाठ होती. ओढ्याला पाणी आलं की ती एकेका मुलाला कडेवर घेऊन पलीकडं न्यायची. वस्तीतली बाई म्हणून जिच्या हातचं पाणी काही घरांत चालत नसे, तिच्या कडेवर त्याच घरांची मुलं असायची.

लिननं वही मिटून दोन्ही हातांनी धरली.

परीक्षेत नेमका तोच विषय आला. आणि नऊ पेपरांत माझी माय आली. नऊ वेळा ओढा ओलांडला तिनं. चिनी अक्षरवळणाच्या इंग्रजीत, एकाही स्पेलिंगची चूक न करता.

मी ते पेपर बघितले तेव्हा मला चोरी दिसलीच नाही. आमच्या वर्गात साठच्या साठ मुली गुरुजींच्याच गाइडातला गाईवरचा निबंध लिहायच्या आणि ज्या मुलीचा शब्द इकडचा तिकडं झाला तिचा मार्क जायचा. चांगलं वाक्य शिक्षकानं दिलं तर ते तसंच्या तसं परत करणं ही आमची गुरुदक्षिणा. त्यांचीही तीच. हे जगात दोनच ठिकाणी चोरी मानत नसतील आणि ती दोन्ही ठिकाणं त्या बोळात उभी होती.

मॅडम शिकल्या डोंगरातल्या बोर्डिंग शाळेत. त्यांना चोरीच दिसली.

कंपनीच्या साहेबांना बोलावलं. तेच, मागे आलेले. करड्या केसांचे, कमी बोलणारे. मॅडमनी मला सांगितलं, "चाय लेकर आइए, और रखकर जाइए।"

मी ट्रे घेऊन आत गेले तेव्हा नऊ पेपर टेबलावर पसरलेले. गोरे सर छताकडं बघत होते. आणि लिन उभी. एकटीच. तिचं इंग्रजी सगळ्यांत बरं, म्हणून मॅडमनी ठरवलं होतं की निबंध हिनंच लिहिला आणि हिनंच वाटला.

मॅडम साहेबांना म्हणत होत्या, "बाकीच्यांची पुन्हा परीक्षा घेऊ. पण हिला आम्ही ठेवू शकत नाही. शिस्तीचा प्रश्न आहे."

साहेब म्हणाले, "इंग्रजी नाही, तर कुवेतचं काम नाही. ती परत जाईल." असं म्हणाले जसं कुणी हवामान सांगतं. मग त्यांनी एक पेपर उचलला आणि लिनला विचारलं, "ही आई कोण आहे?"

लिन गप्प.

"हे तुला कुणी दिलं?"

लिन गप्प. मान खाली. हात पाठीमागं, एकमेकांत घट्ट.

मॅडम हसल्या. "बघा. दहा वर्षं इंग्रजी शिकून एका साध्या प्रश्नाचं उत्तर येत नाही."

कप ठेवता ठेवता मला कळलं. तिला उत्तर येत होतं. दोन शब्दांचं होतं, 'ह्या टीचरनी'. ते दोन शब्द चहाचा ट्रे घेऊन तिच्यापासून हातभरावर उभे होते. तिनं डोळे वर करून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, बघितलं तर कळेल म्हणून. ती मला वाचवत होती. परत जायला तयार होती, पण माझं नाव घ्यायला नाही. जिला दगड म्हणत होते ती.

आणि मी? मी चहा ठेवून जाणार होते. खोटं कशाला सांगू. पाय दाराकडं वळलेही होते. नोकरी जाईल, ह्यांना काय सांगू, लेक काय म्हणेल, सगळं एका क्षणात डोक्यात फिरलं. मी हसलेही असेन.

मग टेबलावरच्या वरच्या पेपरातली एक ओळ दिसली. तिला सही येत नव्हती.

मी ट्रे ठेवला. त्या पेपरांच्या शेजारी.

"ती माझी आई आहे," मी इंग्रजीत म्हणाले. हिंगोलीच्या इंग्रजीत. "निबंध मी दिला. मी यांना शिकवते. दर शुक्रवारी, आठ ते नऊ."

मॅडमचा आवाज अजूनही गोड होता. "आप झेरॉक्स रूम में जाइए।"

"नाही."

मराठीतच निघालं. पण नाही कुठल्याही भाषेत कळतं.

साहेबांनी पेपर खाली ठेवला. "तुम्ही शिकवता. मग ही बोलत का नाही?"

बरोबर होतं त्यांचं. मी कबूल केलं म्हणून लिनला इंग्रजी येतं असं कुठं ठरत होतं? ती तशीच उभी, ओठ मिटलेले. तिला मी आता काहीही विचारलं असतं तरी ती बोलली नसती. एकच किल्ली होती, आणि ती या कुलपात फिरवायची म्हणजे पाप होतं.

मी साहेबांकडं बघत म्हणाले, "हिनं माझ्या आईबद्दल लिहिलं. कारण हिच्या स्वतःच्या आईनं लिहिण्यासारखं काही केलेलं नाही."

लिनची मान झटक्यात वर आली. डोळे असे, की मी आजही ते विसरलेले नाही. तिला माहीत होतं की मी मुद्दाम चुकीचं बोलते. आठ महिने ऐकत होती. तरी लागलं. लागणारच होतं.

"नो!" ती ओरडली. मग, "नो, टीचर! माझी आई बाजारात मासे साफ करते. हिवाळ्यात पाणी बर्फासारखं. तिचे हात फाटतात. तिला इंग्रजी एक अक्षर नाही. मी मोठ्यानं वाचते, ती ऐकते. कळत नाही, पण ऐकते. मी थांबले की ती टेबलावर बोट मारते. थांबले म्हणजे चुकले. ती म्हणते, पुन्हा. मी पुन्हा. दहा वर्षं, रोज, पुन्हा. तुम्ही तिच्याबद्दल असं बोलू नका."

काळ चुकले. शब्द पुढेमागे झाले. अर्धी वाक्यं हवेत राहिली. पण ती थांबली नाही. आणि शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडं बघून नाही, मॅडमकडं बघून म्हटलं.

गोरे सरांनी छतावरून डोळे काढले. म्हणाले, "मी एवढं बोलताना तिला कधी ऐकलं नाही." बस. तेवढंच. पुढं काही बोलायला हवं होतं त्यांनी. बोलले नाहीत.

साहेबांनी नऊ पेपर गोळा केले, सारखे केले. "परीक्षा आम्ही साइटवर घेऊ. तोंडी. सगळ्यांची. हिचीही." मग मला विचारलं, "तुमचं नाव?"

मी उत्तर द्यायच्या आत मॅडम म्हणाल्या, "या आमच्याकडे काम करत नाहीत."

म्हणजे तेवढ्यात माझी नोकरी संपली होती. मला ते साहेबांबरोबरच कळलं.

मी नाव सांगितलं. पूर्ण. आडनावासकट. आयुष्यभर आडनाव तोंडातल्या तोंडात म्हणत आले होते.

बोळात लिन माझ्या मागं आली. मी माफी मागणार होते. तिनं मागू दिली नाही. मिठी मारायलाही आली नाही. म्हणाली, "टीचर, आईबद्दल पुन्हा कधी नाही." मी म्हणाले, "कधी नाही." ती आत गेली. ती परीक्षा पास झाली आणि साइटवर आहे. नऊंपैकी दोघं परत गेले. त्या दोघांची नावं मला येतात, रोज एकदा घेते.

घरी ह्यांना सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. "अगं, पण काय गरज होती?" मग थोड्या वेळानं, "ट्रे कुठं ठेवलास म्हणालीस?"

"पेपरांच्या शेजारी. टेबलावर."

"सांडला नाही ना?"

"नाही."

"बरं केलंस," म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. आमच्या घरातली शाबासकी एवढीच असते.

आता दर शुक्रवारी आठला माझ्या बैठकीच्या खोलीत पाच जण येतात. चार चिनी आणि एक खालच्या बकाल्यातला, म्हणजे वाणसामानाच्या दुकानातला, केरळचा काका. भिंतीकडं तोंड करून वाचतात. शेजारीण तक्रार करते. करू दे. मी चुकीचं सांगते, ते मला सुधारतात. झेरॉक्स मी बाहेरून आणते.

उद्या लेकीच्या शाळेत पालकसभा आहे. तिच्या नव्या इंग्रजीच्या बाईंनी वहीत शेरा दिलाय, घरात 'दुसरी भाषा' कमी बोला म्हणून. मघाशी लेक दारात उभी राहून म्हणाली, "मम्मा, बाबा बोलतील ना?"

या वेळी मी हसले नाही.

"बाबा गाडी लावतील," मी म्हणाले. "बोलणार मी. माझ्या इंग्रजीत. तुला लाज वाटली तर भिंतीकडं तोंड करून उभी राहा. पण मला आता कुणी बस म्हणायचं नाही. तूसुद्धा."